सोड्यातला वायू

३ फेब्रुवारी, सोमवार
कॉम्प्रेसर बसला! मेकॅनिक म्हणतो, पार्ट परदेशातून येणार — आठ आठवडे. कार्बनच्या सर्टिफिकेटसाठी पाहणी सतरा तारखेला. संपलं सगळं.

५ फेब्रुवारी
पुन्हा आकडे मांडले. बदलतात थोडेच! आम्ही गवत कुजवून गॅस करतो. जळणारा भाग गॅस कंपनीला. उरलेला कार्बन डायऑक्साइड पकडून, कॉम्प्रेसरने दाबून, थंड करून टँकरने कोल्ड स्टोरेजवाल्यांना. नुसत्या गॅसच्या पैशात गवताचा खर्चही जेमतेम निघतो. परदेशी गॅस महाग होता तेव्हा हेच कंपनीवाले दारात उभे असायचे. आता तो उतरला, तर म्हणतात — कार्बन पकडल्याचं सर्टिफिकेट दाखवा, तरच करार पुढे. नाहीतर राम राम.

काष्टीच्या आसपासच्या बासष्ट घरांनी ऊस मोडून गवत लावलं. माझ्या शब्दावर! त्यांना काय तोंड दाखवू?

८ फेब्रुवारी
मुक्ताबाई आल्या होत्या. गवत पहिल्यांदा त्यांनीच लावलं. "करनसायेब, पलांट बंद पडनार म्हनत्यात, खरं हाय का वो?" म्हणालो, छे! चहा पाजला. त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडलो. बत्तीस वर्षांचा घोडा!

११ फेब्रुवारी
सुचलं. मीटर कॉम्प्रेसरच्या अलीकडे आहे. वायू मीटरमधून गेला की 'पकडला' अशी नोंद होते. पुढे तो कुठे जातो, मीटरला काय कळतंय? कुंपणालगत जुनी कोरडी विहीर आहे. पाइप तिच्यात सोडायचा. हवेपेक्षा जड — तळाशी बसून राहील. वास नाही, धूर नाही. फक्त पाहणीपर्यंत!

लिहायलाही लाज वाटते. पण दुसरं काही सुचत नाही.

१२ फेब्रुवारी
सहादेवने पाइप जोडला. आता आमचा ऑपरेटर, पण आधी विहिरी खोदायचा. अजूनही कुठल्याही विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील दोराने खाली सोडतो. विझला तर उतरत नाही. मी चिडवतो — विहिरीला ओवाळतोस की काय रे!

"सायेब, ह्यो वायू कसला म्हनायचा?"

खरं सांगावं तर गावभर होईल. म्हणालो, "सोड्याच्या बाटलीतला रे. आपण पितो तोच."

"मंग काय न्हाई," म्हणाला आणि हसला.

१४ फेब्रुवारी
मीटर छान पळतंय. जेवण जात नाही.

१६ फेब्रुवारी
पुण्यात. सकाळी पाहणीच्या अधिकाऱ्यांना गाडीतून न्यायचंय. सहादेवचा फोन — पाइपचं तोंड वरून दिसतंय. म्हणालो, दिसता कामा नये, कसंही करून लपव. "व्हय, उजाडलं की आत कपारीत बांधतो."

गडी भला आहे. हे निस्तरलं की त्याचा पगार वाढवायचा.

१७ फेब्रुवारी, दुपार
पास!! मीटर पाहिलं, सही केली, विहिरीकडे फिरकलेसुद्धा नाहीत! बासष्ट घरं वाचली. मुक्ताबाईंना फोन केला, त्या रडायलाच लागल्या. पेढे आणलेत. सहादेव कुठे आहे कोण जाणे, सकाळपासून दिसला नाही.

१९ फेब्रुवारी
कंदील विहिरीच्या काठावर होता. तेल भरलेलं, काच पुसलेली. पेटवलेला नव्हता.

त्याची बायको, लंकाबाई, सगळ्यांना सांगते आहे — "म्या म्हनलं कंदील सोडा आदी. तर म्हनले, सायेबांनी सांगितलंय, सोड्यातला वायू हाय."