होडीचं बूच

राहुरी, १० सप्टेंबर १९७३

नृसिंहभावोजी,

काल दुपारी पावणेचारला तुम्ही चहाला आलात, आणि तुम्ही गेल्यावर माझ्या मोटारबोटीच्या तळाचं, पाणी काढायच्या भोकाचं बूच नाहीसं झालं. हे वारल्यापासून अंगणात बसून मी त्या फायबरच्या होडीच्या भेगा बुजवत होते, तेव्हा तुम्ही नुसते हसलात. आता धरण भरल्यावर काळजी सुचली?

“वहिनी, एकट्या पाण्यात जाऊ नका,” म्हणताना तुमचा हात खिशात होता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमचे खिसे तपासत. चोराचा खिसा मला लांबून कळतो.

सकाळपासून हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींत भाषा मऊ झाली, म्हणून टपालात टाकली नाहीत.

शनिवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवा: बूच परत पाठवता, की रविवारी स्वतःच्या हाताने बसवून होडीत माझ्या शेजारी बसता?

अजून रागातच,
दमयंती