बूट सापडले

पोरी,

बूट सापडले. माझ्या हत्यारांच्या पेटीत, रंध्याखाली. लहानपणी खाऊच्या गोळ्यासुद्धा तिथेच लपवायचीस. एवढी मोठी झालीस, पण अक्कल तेवढीच!

तळ्यावर चाललोय. केमोने पाय लटपटतात, म्हणून जावईबापूंची छत्री काठीसारखी धरलीय. डॉक्टर आराम करा म्हणाले, छताकडे बघत पडून राहा असं नाही म्हणाले. बदकांची पिल्लं पाण्यात उतरली असतील, ती मला बघायचीच आहेत.

माझा ताप उतरेपर्यंत तू जेवत नाहीस, ते कळतं मला. तुझ्याच जिवावर या दुखण्याशी भांडतोय.

आलो की बूट पुन्हा लपव, पण तिथेच. त्या पेटीचं जड झाकण मला अजून उचलता येतं, हे आपल्या दोघांनाही रोज कळू दे.

बाबा