एक नंबरची कॉट कोणती

नांदेड, सोमवार

शहेबाजमियाँ यांस सुदर्शनचा सलाम, आणि तो चालत नसेल तर नमस्कार. अम्मींचे गुडघे कसे आहेत? आमची शिल्पा सालेहाभाभींची रोज आठवण काढते. मेलला तू "पाहतो" एवढंच उत्तर देतोस, म्हणून आज कागदावर लिहितो आहे. कागदाला तेवढंच उत्तर द्यायला तुलाही लाज वाटेल.

तर आपला होस्टेलचा कॉम्प्युटर प्रोग्राम, कोणत्या पोराला कोणती कॉट ते ठरवणारा. लातूरला एका खोलीत राहून, मेसचं पातळ वरण पिऊन आपण तो लिहिला आणि कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा म्हणून नेटवर टाकला. (तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि प्रत्येक क्लासमागे एक होस्टेल. काय दिवस होते रे.) पुढं आपलं बोलणं तुटलं. तू लातूरला तुझा प्रोग्राम वाढवलास, मी नांदेडला माझा. आता दोन्ही पुन्हा एक करायचे असं ठरलं खरं, पण तू हात लावेनास, म्हणून मी एकट्यानंच दोघांचा कोड एकत्र केला आणि इथल्या एका होस्टेलात चालवून पाहिला.

तुझ्या कोडात कॉटचे नंबर दारापासून सुरू होतात, माझ्या कोडात खिडकीपासून. हे मी पाहिलंच नाही. (तू तरी कारण कुठं लिहिलं होतंस?) जुन्या पोरांना तुझ्या हिशोबानं जागा मिळाल्या, नव्यांना माझ्या; तुझा पहिला नंबर दाराशी आणि माझा शेवटचाही दाराशीच. झालं, खोलीखोलीत दाराजवळच्या कॉटवर दोघं आणि खिडकीखाली कुणीच नाही. रेक्टर शेषेरावांनी मला बोलावून घेतलं ते हार घालायला नव्हे. सुट्टीहून परतलेला किनवटचा पोरगा पेटी घेऊन उभा, आणि निलंग्याकडच्या केवळाबाई नव्यानं आलेल्या लेकाची वळकटी पसरून त्या किनवटच्या पोराच्याच दाराजवळच्या कॉटवर मांडी घालून बसलेल्या. शेषेराव समजावत राहिले, खिडकीशी वारं लागतं, तिकडं न्या. बाई हलेनात.

"भूकंपापासून आमच्या घरात कुनी दारापासून लांब झोपत न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या.

किनवटच्या पोरानं आपणहून पेटी खिडकीकडे नेली. मला मात्र तू आठवलास. औशाकडून आलास आणि पहिल्याच दिवशी कॉट दाराशी ओढलीस. मी वर्षभर तुला चौकीदार म्हणायचो, तू हसायचास. त्या खोलीची इतकी आठवण दाटून आली की घरी येऊन मी माझे नंबर पुसले आणि तुझे ठेवले.

अम्मींना सलाम सांग.

तुझा,
सुदर्शन

ता. क. शेषेराव विचारत होते, तुम्हा दोघांचं बिनसलं कशावरून? मला सांगता आलं नाही. तुला आठवत असेल तर तुझ्यापाशीच ठेव.

आणखी एक ता. क. वर "एकत्र केला" असं लिहिलंय ते फार मनावर घेऊ नकोस. माझे नंबर पुसल्यापासून प्रोग्राम उघडतच नाही, आणि हे एकट्याचं काम नव्हेच. नांदेडला ये, चार दिवस राहा. शिल्पानं पाहुण्यांची कॉट पुढच्या दाराशी ओढून ठेवली आहे. आम्ही घरची माणसं सध्या मागच्या दारानं ये-जा करतो.