मांडुळीला यंदा विसावा

१४ मार्च १९६२
आज तागडी काढली. दर महिन्याला हे तागडी धरायचे, मी मांडुळीला कापडी पिशवीत घालून पारड्यात ठेवायची. "हात काढ गं, तुझंच वजन येतंय." हे जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हापासून तागडी मीच खुंटीला अडकवते.
सिस्टर पाऊण शेरही भरली नाही. (बोर्डिंगातल्या सिस्टरांसारखी बिनआवाज चालते, म्हणून मांडुळीला मीच ठेवलेलं नाव.) नर दाखवायचा तर शेरभर हवी, हा ह्यांचा नियम.

२ एप्रिल
कात अखंड उतरली, डोळ्यांवरचीसुद्धा. एक उंदीर खाल्ला. रेती बदलली. तरी कणा बोटाला लागतो.
सुरतेहून मालूचं पत्र. अक्षय्य तृतीयेला, आखाजीला येतेय, जाताना मला कायमची घेऊन जाणार. "आई, साप मात्र नको." लेकीचं घर, काय बोलणार?
सिस्टरला दिवस गेले, तर पिल्लं होईपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, मला इथे राहायला निमित्त. ह्यांच्या घरात आखाजीनंतर अजून चार महिने...

१५ एप्रिल
शेजारची सोनाबाई तिच्याकडचा नर टोपलीत घेऊन आली. निरोप मीच धाडला होता. तिने सिस्टरला पोटाखालून उचललं, बघत राहिली.
"काकी, आखाजीले पोरी माहेरले येतीस विसावाले. आनि हाई बिचारीना मांगे सालोसाल नवरा! तुमले पिलं पाहिजे, पन तिले इचारं का?"
मी हसले. ती नाही हसली.
गेल्या वर्षी लागोपाठ नर ठेवला. नऊ पिल्लांतली पाच मेलेली निघाली. तेव्हाही घाई माझीच.
नर परत पाठवला. सोनाबाई फाटकाबाहेर गेली तेव्हा हाक मारावीशी वाटली. नाही मारली.

३ मे
मालू आली. ट्रंक भरली.
सोनाबाईला: सिस्टर, तिची रेतीची पेटी, तागडी. उंदीर पंधरवड्याने, मेलेलाच द्यायचा, जिवंत चावतो. कातीच्या दिवसांत हात लावायचा नाही. शेर भरल्याशिवाय नर नाही, मग कितीही वर्षं जावोत.
मालूला: माझ्या बांगड्या, ह्यांचं घड्याळ.
मला: पोस्टकार्डं. दहांवर सुरतेचा पत्ता घालून सोनाबाईकडे दिलीत. तिला लिहिता येत नाही. दर गणपतीला एक; पिल्लं झाली तर तेवढ्या रेघा ओढायच्या. नाही झाली तर कोरं टाकायचं, पण टाकायचं.