काकूंची करंगळी

९ जानेवारी

ओपीडी संपल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, परवाच्या उशिराबद्दल बोलणी खायची आहेत. तर त्यांनी एक कागद पुढे सरकवला. रेडिएशनमध्ये नव्याने काम करणाऱ्यांसाठी संशोधनाची फेलोशिप! दोन वर्षांचा पगार, वर थोडाफार खर्च. अट एकच — शेवटची पदवी मिळून सात वर्षं उलटलेली नकोत. माझी सात वर्षं मेच्या पहिल्या आठवड्यात भरतात. म्हणजे हाच पहिला आणि हाच शेवटचा चान्स.

"जूनअखेर कंत्राट संपतंय तुझं," सर म्हणाले. "पुढे तुला ठेवायला माझ्याकडे जागा नाही. हे मिळालं तर इथेच राहशील."

नाही मिळालं तर नदीपलीकडचं मोठं हॉस्पिटल आहेच. त्यांचा दोनदा फोन येऊन गेला. बंद खोलीत बसायचं, दुसऱ्यांच्या पेशंटचे रेडिएशनचे प्लॅन तपासायचे, सह्या करायच्या. पगार इथल्यापेक्षा बरा. पेशंटचं तोंड मात्र दिसायचं नाही. मला नाही जायचं.

"विषय आहे का काही डोक्यात?" सरांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकूंची करंगळी."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पण हसले नाहीत!

१० जानेवारी

नवरोबांना समजावताना एक तास गेला. गणिताचा मास्तर, त्याला सगळं पहिल्यापासून लागतं. त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, अर्जात उपयोगी पडेल.

घशाचा, तोंडाचा कॅन्सर असला की पेशंटला मास्क करतो. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करायचं, चेहऱ्यावर ओढायचं, कडक होईपर्यंत धरायचं. मग सहा-सात आठवडे रोज तोच मास्क. तो टेबलाला अडकवला की डोकं जागचं हलत नाही आणि रेडिएशन जिथे हवं तिथेच पडतं. पण पेशंटला गिळता येईनासं होतं. वजन उतरतं, गाल बसतात. मास्क सैल होतो. आत डोकं हलायला लागतं, आणि मग चांगल्या लाळग्रंथी उगीच भाजतात. अशा वेळी मास्क नवा, प्लॅनही नवा करावा लागतो.

कधी करायचा ते आठवड्याचं स्कॅन सांगतं. आणि काकू त्याच्या तीन दिवस आधी सांगतात!

काकू म्हणजे आमच्या सीनियर टेक्नॉलॉजिस्ट. झाडूवाल्यापासून सरांपर्यंत सगळ्यांच्या काकू. मास्क अडकवला की जबड्याखालून करंगळी सरकवतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "हं, सैल होतोय." आम्ही त्यांचं ऐकून लवकर स्कॅन करतो आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं. पण हे कोणी कधी मोजलेलंच नाही. मी मोजणार.

"एका करंगळीवर फेलोशिप?" नवरोबा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण कल्पना झकास आहे गं."

१२ जानेवारी

काकूंना सांगितलं. मास्करूममध्ये आम्ही दोघीच होतो. पेशंटसमोर त्या मला "डॉक्टर, तुम्ही" करतात. दार लोटलं की "अगं".

"माझ्या बोटाला पैसे देणार कोणी? थांब, नखं कापून येते!"

हसून हसून पुरेवाट. मग कपाटातून त्यांनी सहा वह्या काढल्या. कुठल्या पेशंटचा मास्क कितव्या दिवशी सैल लागला, स्कॅनमध्ये कितव्या दिवशी दिसलं, सगळं तारीखवार! कोणी सांगितलं होतं लिहायला? "कोणी कशाला सांगायला हवं? मलाच बघायचं होतं, माझं खरं किती वेळा निघतं ते."

मी वेडी झाले बघून. त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, मारलीच.

३ फेब्रुवारी

परवानग्या मिळाल्या. मेकॅनिककडे असतात तशा पातळ पट्ट्यांचा जुडगा आणलाय. काकूंनी बोट घालायचं आणि सैल की घट्ट ते मनात ठेवायचं. मग मी पट्ट्या सरकवून फट मोजायची. दोघींनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, एकमेकींचं बघायचं नाही. काकू हाताने कागद झाकून लिहितात, परीक्षेत शेजारणीपासून लपवतात तशा.

पेशंटना मजा वाटते. एक रिटायर्ड ड्रायव्हर आहेत, मास्क निघाल्या निघाल्या विचारतात, "काय, आज कोण जिंकलं?"

१६ फेब्रुवारी

अकरा पेशंट झाले. आकडे भरले, आलेख काढला. माझ्या पट्ट्यांप्रमाणे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे मास्क *घट्ट* झालेत!

"तुमच्याकडे लोक बाळसं धरतात का?" इति नवरोबा. आज त्याचा विनोद अजिबात आवडला नाही.

१७ फेब्रुवारी

काकूंनी आलेख बघितलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, "पहिलं माप कधी घेतलंस?"

"मास्क झाल्या झाल्या."

"अगं बये! तो निवतो तसा आवळतो. म्हणून तर मी एक दिवस फळीवर ठेवते आणि मगच बोट घालते. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

सात वर्षं होत आली माझ्या पदवीला. रोज ती फळी बघते. त्यावरचे मास्क तिथे का ठेवलेत हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, जागा नाही म्हणून! अकराच्या अकरा पहिली मापं फुकट. अर्ज अठ्ठावीस तारखेला द्यायचाय.

१९ फेब्रुवारी

मनात येऊन गेलं ते इथे लिहिते. प्रत्येक पहिल्या मापातून एक मिलिमीटर वजा केला की आलेख सुंदर दिसतो. करून पाहिला. खरंच सुंदर दिसतो. कोणाला कळलंही नसतं.

काकूंना कळलं असतं. फाइल पुसून टाकली.

२७ फेब्रुवारी

अर्ज गेला! अकरा मापं का सोडली ते सरळ लिहिलं. चौथ्या पानावर काकूंच्या वह्या. मदतनिसांचं शिक्षण आणि पदवीची तारीख विचारली होती, म्हणून काकूंचं सगळं भरलं. लिहिताना लक्षात आलं, काकूंनी पदवी तीन वर्षांपूर्वी घेतलीय. आधी नुसता डिप्लोमा होता. त्या आणि त्यांची मुलगी एकाच वर्षी परीक्षेला बसल्या होत्या. मुलीला कमी मार्क मिळाले, ती अजून रुसते म्हणे.

६ एप्रिल

मुलाखत. टेबलापलीकडे पाच जण. बरी बोलले.

कोपऱ्यातल्या बाई सगळा वेळ अर्ज चाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ही कल्पना तुमची आहे?"

हो म्हणणार होते. पण म्हटलं, "मोजायची कल्पना माझी. कळतं ते काकूंना."

"काकू म्हणजे?"

"चौथं पान."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. घरी येईपर्यंत वाटत होतं, छान झालं, छान झालं.

२१ एप्रिल

नाही मिळाली.

पत्रात लिहिलंय — कल्पना आणि नोंदी ज्यांच्या आहेत त्यांनी स्वतः अर्ज करावा. पदवीच्या तारखेप्रमाणे त्या पात्र आहेत. दुसऱ्या फेरीचे अर्ज १५ मेपर्यंत.

तोवर माझी सात वर्षं भरलेली असतील.

स्टोअरमध्ये जाऊन रडले. चारी बाजूंना कोरे मास्क. नाक पुसायला धड कागद नव्हता.

२२ एप्रिल

खोटं कशाला लिहू? काकूंचा राग आला. त्यांनी काय केलं? काही नाही! तरी आला. दिवसभर "हो काकू, नाही काकू" एवढंच बोलले. त्यांना कळलं. त्यांना करंगळीशिवायही कळतं.

२३ एप्रिल

त्यांनी दार लोटलं आणि सरळ म्हणाल्या, "मी भरणार नाही तो अर्ज. तुझं होतं ते."

"माझं नव्हतंच!"

"पन्नाशी उलटलेली बाई 'नव्याने काम करणारी' म्हणून उभी राहणार? हसतील लोक."

"हसू देत."

"आणि तू?"

"मी तुमचा अर्ज टाइप करणार." मग दोघी रडलो. बाहेर तपासणीला आलेले ड्रायव्हरकाका खाकरत होते. त्यांची वेळ टळत होती.

२ मे

अर्ज लिहितोय. म्हणजे काकू सांगतात, मी टाइप करते. मी भारदस्त करायला जाते आणि त्या खोडायला लावतात. "मास्क सैल झाला की माणूस आत डोकं हलवतो. हलवू नका सांगून उपयोग नसतो, त्याला ते कळतच नाही." असं त्यांचं वाक्य. मी ते बदलून तीन ओळींचं केलं होतं. नवरोबाने दोन्ही वाचली आणि म्हणाला, "तुझं कळत नाही."

आज माझी सात वर्षं भरली. काकूंनी चहा आणून ठेवला.

१४ मे

अर्जाचं शेवटचं, खर्चाचं पान आज सरांनी काकूंकडून करून घेतलं. मी नव्हते. नदीपलीकडे गेले होते, होकार द्यायला. त्यांनी माझी खोली दाखवली. तीन मोठे पडदे, गुबगुबीत खुर्ची, खिडकी नाही. "इथे कोणी त्रास द्यायला येणार नाही," म्हणाले. हसून हो म्हटलं. बसमध्ये जीव नुसता तुटत होता.

९ जून

काकूंची मुलाखत! मी बाहेर बाकावर. माझ्या मुलाखतीला एवढी घाबरले नव्हते.

आतलं त्यांनी रिक्षात सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, बोटाने कळतं हे आम्ही कसं मानायचं? काकूंनी विचारलं, "हात लावू का?" आणि त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली करंगळी सरकवली. "पट्टा एक भोक आत घ्या आता. वजन उतरलंय तुमचं. दोन महिने होत आले असतील."

उतरलं होतं! दोन महिन्यांत चार किलो! कोपऱ्यातल्या बाई म्हणे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"मला काही ते नाटक करायचं नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "पण पट्टा खरंच लोंबत होता."

१९ जून

मिळाली! काकूंना मिळाली!!

सरांनी जिन्यातूनच ओरडून सांगितलं. काकू टेबलापाशी होत्या. त्यांनी आधी पेशंटचा मास्क काढला, त्यांना उठवून बसवलं, चपला पुढे केल्या. मग खुर्चीत बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. मला खरोखर आनंद झाला, अगदी आतून. थोडी जळलेही. दोन्ही खरं आहे.

पैसे मागितले त्याहून कमी देणार आहेत, म्हणाल्या. पण चेहऱ्याचं माप घेणारा कॅमेरा मागितलाय, तो आला की झालं! दोन वर्षांपूर्वी कंपनीचे लोक आठवडाभर दाखवायला घेऊन आले होते. काकू रोज डबा सोडून त्याच्याकडे बघत बसायच्या. परत नेला तेव्हा लिफ्टपर्यंत पोचवायला गेल्या होत्या.

२३ जून

ड्रायव्हरकाका आज पुन्हा तपासून घ्यायला आले होते. जेवायला लागलेत, दोन घास का होईना. त्यांनी काकूंच्या करंगळीला वाकून नमस्कार केला. काकू एवढ्या लाजल्या!

२९ जून

शेवटचा दिवस. सरांनी भाषण केलं, लांबलं. नर्सबाईंनी पेन दिलं. मास्करूममधल्या टेक्निशियन मुली रडल्या. सगळे होते — काकू नव्हत्या! सकाळीच रजा टाकून फेलोशिपच्या ऑफिसात गेल्या म्हणे, काहीतरी सही राहिली होती. ती सही उद्या नसती का झाली?

मास्करूममध्ये थोडा वेळ एकटीच उभी राहिले. मग किल्ली सरांच्या हातात दिली. नवरोबा घ्यायला आला होता. त्याने माझी पिशवी घेतली.

फार वाईट वाटलं. निदान दारापर्यंत तरी यायला हवं होतं त्यांनी.

३० जून

काकू घरी आल्या, हातात कागद. अर्धवेळ डॉक्टरची जागा, दोन वर्षं, माझं नाव. खर्चाच्या पानात त्यांनी तेव्हाच मागितली होती, मला न सांगता. कमिटी म्हणाली, डॉक्टर किंवा कॅमेरा, एकच मिळेल. काल त्या यादीतून कॅमेरा खोडून आल्या.

नदीपलीकडे फोन करून नाही म्हणून कळवलं. सोमवारी आठला हजर व्हायचंय, काकूंच्या हाताखाली.