घर सुनेला, करवत दिरांना

लिहून ठेवते की, मी खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सोफे-खुर्च्यांचे गादीकाम, आज पूर्ण शुद्धीवर आहे. गुडघे सोडून सगळे अवयव माझे ऐकतात. मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि तसे करायला कोणी धजेल असे मला ओळखणाऱ्यांना वाटणारही नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण सवड नव्हती. माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहते घर, पुढचे अंगण व अंगणातील झाड यांसह, माझ्या सुनेला मिळावे. मुलाचा व तिचा रीतसर घटस्फोट झाला आहे. कायद्याच्या भाषेत ती आता माझी कोणी लागत नाही, म्हणूनच हा कागद.

घर स्वकष्टार्जित आहे. यजमान गेले तेव्हा मुलगा शाळेत होता आणि दुकानात उसवलेले सोफे पडून होते. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, दुकान विकून टाका. हे बायकांचं काम नाही. स्प्रिंग सुटली तर डोळा जाईल."

मी म्हटले, "भावोजी, डोळा माझा आहे."

दोन्ही डोळे शाबूत आहेत. याच हातांनी मी नाटकगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरल्या. आजही तिथे प्रेक्षक चुळबुळ न करता तीन अंक बसतात. ते श्रेय नाटकाचे समजू नये.

कलम २. झाडाविषयी. नर्सरीवाले याला क्रेप मर्टल म्हणतात. ताम्हणाच्या कुळातले, पण अंगाने लहान, म्हणून आमच्या घरात ते धाकटे ताम्हण. नाटकगृहाचे काम संपले तेव्हा तिथल्या माळ्याने छाटलेल्या फांद्यांतली एक माझ्या हातात ठेवली. ती मी अंगणातल्या सर्वांत उन्हाच्या कोपऱ्यात लावली आणि वाढवली. कलिंगडाच्या गरासारखी गुलाबी फुले, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या. कापडाशी आयुष्य गेलेल्या बाईला आणखी काय हवे?

मग माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. दवाखान्यातून घरी आले तर अंगणात कमरेइतके तीन खुंट. थंडीत हे झाड पाने गाळते, एवढेच झाले होते. दिरांनी करवत आणून ते आडवे केले.

"वाळलं होतं, वहिनी. म्हटलं, तुम्ही यायच्या आत साफ करून टाकू."

मी त्यांना चहा विचारला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडले.

पुढे खुंटांवर काड्यांचे झुपके फुटले. फुले आली, पण पावसाने भिजलेल्या तुऱ्यांचे वजन त्या कोवळ्या काड्यांना पेलेना. त्या मातीला टेकल्या. सून तेव्हा नवी होती. एका सकाळी पाहते तर ही अंगणात भिजत एकेक तुरा हलक्या हाताने झटकून पाणी काढते आहे.

"आई, यांना उभं राहायला काय लागेल?"

"वेळ. आणि आपल्याला थोडं निर्दय व्हावं लागेल."

थंडी सरता सरता आम्ही दोघींनी प्रत्येक खुंटावरची एक दणकट फांदी राखली, बाकीच्या काढल्या. पुढची कितीतरी वर्षे हेच केले. आज तीन खोडे सरळ वर गेली आहेत. जुनी साल सुटली की आतून दालचिनीच्या रंगाचे, गुळगुळीत खोड निघते. रस्त्याने जाणारी माणसे कुंपणातून हात घालून त्याला हात लावतात. लावू द्यावा.

याच काळात मुलाने नोकरीच्या शहरात दुसरे घर मांडले. कागद झाले. सून बॅग घेऊन दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आई, मी आता इथे कोण?"

"कारागीर. उद्या डॉक्टरीणबाईंचा सोफा द्यायचाय. कोपरे कोण भरणार?"

बॅग आत ठेवून तिने दाभण हातात घेतले. तिने भरलेला कोपरा माझ्यापेक्षा उजवा असतो, हे मी इथे लेखी देते. तोंडी कधी दिलेले नाही. सबब दुकान, शिलाईयंत्र, हातोड्या व गिऱ्हाईके तिचीच.

कलम ३. बँकेतील सर्व ठेव मुलाला द्यावी. त्याने मला कधी उपाशी ठेवले नाही आणि दर रविवारी फोन केला, हे खरे. पण गेल्या वर्षी तो बिल्डरला घेऊन आला आणि अंगणात टेप धरला. म्हणाला, "हे काढलं की दोन गाड्या सहज लागतील. आई, एक झाडच तर आहे."

मी म्हटले, "आणि मी एक आईच तर आहे."

त्याने टेप गुंडाळला. जेवून गेला. पैसा त्याला कुठेही नेता येईल, म्हणून पैसा त्याचा. झाडाची फांदी हवी असेल तर छाटणीच्या दिवसांत यावे, सुनेला विचारून न्यावी. ती नाही म्हणणार नाही, असा माझा अंदाज आहे. सक्ती नाही.

कलम ४. झाडाची निगा. छाटणी थंडीच्या शेवटी, नवी पालवी यायच्या आत. एकमेकींना घासणाऱ्या, आत वळलेल्या आणि बुंध्यातून उगवणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. शेंडा कोणीही मारू नये. खत बेताने, नाहीतर नुसती पाने मिळतील. पाने चिकट लागली तर मावा आहे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. पहिला बहर ओसरला की सुकलेले तुरे खुडावेत, झाड पुन्हा फुलते. सावली पडेल असे काहीही शेजारी बांधू नये.

कलम ५. शेजारचे ओव्हरसियर, ज्यांच्या गाडीवर पाकळ्या पडतात व जे दर मोसमात तक्रार करतात, त्यांच्यासाठी गाडीचे रेक्झिनचे आच्छादन शिवून ठेवले आहे. माप मी गच्चीवरून नजरेनेच घेतले. बरोबर बसेल.

कलम ६. दिरांची करवत आमच्याकडे राहिली होती, ती त्यांना परत करावी. धार लावू नये.

काल हा मसुदा सुनेला वाचून दाखवला. ती रडली नाही, रागावली.

"आई, लोक म्हणतील मी घर लाटलं."

"लोकांना माझ्याकडे पाठव."

"तुम्ही नसाल तेव्हा?"

"तेव्हाच तर पाठव. पुन्हा कोणी विचारायला येणार नाही."

मग ती हसली. त्यानंतर ही एवढी नोंद सोडून मी यात एक अक्षरही बदललेले नाही.

सदर मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खुशीने सही केली.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीणबाई. बाईंची शुद्ध व नाडी दोन्ही तपासली, उत्तम.
साक्षीदार दुसरा: (सही) दुकानासमोरचा घड्याळजी.

स्थळ: राहते घर, अंगणाकडची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४