गव्हामागची बाजरी

रविवार, संध्याकाळ

लेण्याद्रीला आलेले पाहुणे आमच्या खानावळीत जेवून गेले, तेव्हा कुठे सकाळचा राहिलेला व्यायाम आठवला. दहाव्या उठाबशीला पोटात कळ आली. तीच जुनी. डॉक्टरांनी गहू बंद केल्यापासून शनिवार-रविवारच्या धबडग्यातही मी बाजरीचीच भाकरी खाते. मग?

ह्यांना विचारलं, "गिरणीत बाजरी पहिली लावली होती ना?"

"न्हाई गं, लई गर्दी व्हती. गव्हामागं दळली."

गव्हामागं. म्हणजे गिरणीत राहिलेला गहू माझ्या पिठात. भांडणारच होते. पण मी न सांगताच ह्यांनी दळण आणलं होतं, डब्यावर खडूनं माझं नावही लिहिलं होतं.

ते नाव पुसून 'पाहुणे' लिहिलं. ह्यांनी पाहिलं. मग डबा उचलून खानावळीच्या पिठांशेजारी नेऊन ठेवला.